बाबांचा जुना डेस्कटॉप: वेग आणि सुरक्षितता दोन्ही कसं साधायचं?

मंगळवारपेठी:
नमस्कार मंडळी. बाबांकडे २०१३ साली कोल्हापुरात राजारामपुरीतून जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आमच्या तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा, जमाखर्च बाबा बघतात. वर्गणीच्या पावत्या, मांडवाचा खर्च, सभेची इतिवृत्तं, सगळं याच मशीनवर. टायपिंग श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, हिशेब एक्सेलमध्ये. शिवाय नेट बँकिंग, लाइट बिल आणि घरातले सगळे फोटो.

हल्ली बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत मशीन फार वेळ खातंय. एक्सेल उघडताना पांढरा पडदा येतो आणि तसाच थांबतो. मधूनच निळा स्क्रीन. दुकानात नेलं तर तिथल्या पोरानं झाकण न उघडताच सांगितलं, "काका, यात पैसे घालू नका, नवीन घ्या." बाबांना नवीन नको आहे, सगळं हाताखालचं झालंय. मलाही चालतं मशीन नुसतं जुनं झालं म्हणून भंगारात घालणं पटत नाही. पण त्यावर बँकेचे व्यवहार होतात, तेव्हा सुरक्षिततेत तडजोड नको. काय करावं, आणि आधी काय, नंतर काय?

उद्यमनगरी:
कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. मशीन अडकलेलं असताना डिस्कच्या रकान्यात काय दिसतंय ते इथं लिहा. १०० टक्के असेल तर दुखणं तिथंच.

मंगळवारपेठी:
बघितलं. सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवरच. सीपीयू वीसच्या आसपास, मेमरी ऐंशीच्या वर.

शाहूपुरी_दुरुस्ती:
मग प्रोसेसरला बोल लावू नका. एक्सेल आणि ब्राउझरला तो आय३ आजही पुरतो. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीवर योग्य जागी पोचायलाच दहाएक मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इथून तिथून वाचते. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारा भागच नसतो. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा झाला तर तो एसएसडीवर करा.

पण त्याआधी दुसरं काम. निळा स्क्रीन येतोय म्हणताय ना, मग आज रात्रीच सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि 'रिअलोकेटेड सेक्टर' व 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा, डिस्कचे खराब झालेले किंवा वाचता न येणारे भाग त्यात मोजलेले असतात. शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर ठीक. शून्याखेरीज काही दिसलं आणि वरचा निळा चौकोन पिवळा झाला असेल, तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवायचं नाही. डिस्कवर आणखी ताण पडतो आणि जे वाचलं असतं तेही हातचं जातं.

खरेदीला जाताना: तुमच्या बोर्डावर एम.टू खाच (थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीची) नसणार, तेव्हा केबलनं जोडायची अडीच इंची साटा एसएसडीच मागा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटचा, म्हणून डब्यावर ५५० एमबी लिहिलं असलं तरी तुम्हाला त्याच्या निम्माच मिळेल. त्यानं बिघडत नाही, रोजच्या कामात बारीक फायली पटापट वाचल्या जाण्याला महत्त्व आहे. महागातली घेऊ नका एवढाच त्याचा अर्थ. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय आहे का बघा. जुन्या बोर्डांवर तो बऱ्याचदा आयडीई या जुन्या मोडवर ठेवलेला सापडतो.

रंकाळा_पहाटे:
रॅमचं काय? मेमरी ऐंशी टक्क्यांच्या वर म्हणजे तीही कमीच पडतेय. मी तर म्हणेन आधी रॅम.

शाहूपुरी_दुरुस्ती:
@रंकाळा_पहाटे, तुमचा मुद्दा बरोबर आहे, दोन्ही हवं. रॅम संपली की विंडोज डिस्कच्या एका भागाला रॅमसारखं वापरते, आणि ती डिस्क हळू असली की सगळंच अडतं. म्हणून डिस्क आधी, रॅम लगेच पाठोपाठ. या बोर्डाला डीडीआर३ लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही, जोर लावू नका. लॅपटॉपची आखूड कांडीही चालणार नाही. एच६१ वर बहुधा दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. तुमच्या कामाला ८ पुष्कळ झाली. आणि विंडोज ६४ बिट आहे ना ते बघून घ्या. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरूच शकत नाही.

बावड्याचा_भाऊ:
एवढं कशाला करत बसताय? फॉरमॅट मारा की. माझं मशीन फॉरमॅट केल्यावर पळतंय नुसतं.

उद्यमनगरी:
@बावड्याचा_भाऊ, भावा, पळतंय, पण किती दिस? डिस्क तीच, रॅम तीच. अपडेट आले, ब्राउझर भरला की पुन्हा हाय तिथंच. आणि फॉरमॅट मारायच्या नादात तालमीचा हिशेब गेला तर गणपतीच्या मीटिंगला काय सांगायचं?

बावड्याचा_भाऊ:
ते बी खरं हाय. वर्गणीचा हिशेब गेला तर गल्लीत फिरायला नको.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट:
झाकण उघडा हो कुणीतरी. बारा वर्षांचं मशीन म्हणजे आत धुळीची गादी असणार. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांच्या फटीत धूळ अशी बसते की वरून पंखा फिरताना दिसतो आणि खाली वारा पोचतच नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. तुम्हाला वाटतं मशीन म्हातारं झालं.

साफ करताना वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, वाऱ्यानं तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. इंटेलच्या मूळ कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात. त्यातली एखादी सुटून कूलर एका कोपऱ्यात उचललेला असतो, ते खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. कूलर काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पूर्ण पुसा आणि नवीन मुगाएवढी लावा, जास्त नको.

रॅमची कांडी काढून सोनेरी टोकांवर हलक्या हातानं खोडरबर फिरवा. आपल्याकडं पावसाळ्यात दमटपणा किती असतो ते सांगायला नको. निळ्या स्क्रीनचं कारण कधी कधी तेवढंच असतं.

दुधाळीकर:
बॅकअपबद्दल कळकळीनं सांगतो. २०१९ च्या महापुराचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा संगणक तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकत्र गेले. घरातली बाकीची माणसं सामान वर नेत होती, त्या धांदलीत टेबलाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्याची. तो आकडा आपण सगळेच पावसाळ्यात तासातासाला बघतो. आमच्या घरात आता नियमच केलाय, ३९ ला पोचलं की डेस्कटॉप वरच्या मजल्यावर आणि बॅकअपची डिस्क बहिणीच्या घरी. तुम्ही पेठेत आहात, पाणी कदाचित येणार नाही, तरी एक प्रत घराबाहेर ठेवाच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हे सूत्र उगीच पडलेलं नाही. फोटो परत काढता येत नाहीत.

महाद्वार_झेरॉक्स:
@दुधाळीकर, अगदी मनातलं बोललात. त्यात माझी भर: बॅकअप घेऊन झाला की डिस्कची केबल काढून ठेवायची. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतात. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवतोय ना? विंडोजच्या ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांची मशीनं त्याला सापडली.

आमच्या दुकानात रोज लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, म्हणून हे जवळून बघतो. पेनड्राइव्ह उघडला की सगळे फोल्डर दिसतात, पण चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक वाकडा बाण असतो. ते फोल्डर नव्हेत, शॉर्टकट. त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो, त्यामुळं माणसाला शंकाच येत नाही. खऱ्या फायली लपवून ठेवलेल्या असतात. लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि आतलं सगळं घालवून बसतात. आधी विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसनं स्कॅन करा, मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फायली दाखवा, तुमचं सगळं तिथंच असतं. आणि फायलींची एक्स्टेन्शन दिसतील असंही करून ठेवा. 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल शेपूट झाकलेलं असलं की साधी पावतीच वाटते.

सायबर स्वच्छता केंद्र हा केंद्र सरकारचाच उपक्रम आहे, तिथं व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात. तालमीच्या मंडळींना सांगा, बाहेर प्रिंट काढायची तर मेलवर पाठवा, पेनड्राइव्ह फिरवू नका.

निवृत्त_बँकवाला:
सगळे वेगाबद्दल बोलत आहेत, मी मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन चालू राहतं, पण नवी भगदाडं बुजवली जात नाहीत. नेट बँकिंग करायचं असेल तर हा मुद्दा एसएसडीपेक्षाही मोठा आहे.

तूर्त सोय अशी: घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा असतो. ते आजच करून घ्या, पुढचं सावकाश ठरवा.

बाबांसाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं उघडा आणि रोजचं काम त्यातूनच करू द्या. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. काही इन्स्टॉल व्हायला निघालं तर मशीन पासवर्ड मागेल, आणि बाबा तुम्हाला हाक मारतील. या एका गोष्टीनं निम्मे धोके टळतात असं माझं अनुभवाचं मत आहे.

आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असा फोन आला किंवा स्क्रीनवर भोंगा वाजवत नंबर झळकला, तर तो नंबर फिरवायचा नाही. दूरून मशीन हाताळायचं ॲप घ्यायला लावतात आणि ओटीपी काढून घेतात. तसं काही घडलंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची आशा. हा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.

तिसरी_गल्ली_राजारामपुरी:
विंडोज ११ टाकून मोकळं व्हा ना. पळवाटेनं बसतं म्हणे जुन्या मशीनवर.

शाहूपुरी_दुरुस्ती:
बसतं, पण मी गिऱ्हाइकाला देत नाही. अकराला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे मशीन तिसऱ्या पिढीचं. पळवाटेनं टाकलेल्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथं 'मिळतील बहुतेक' यावर राहायचं नाही.

विद्यापीठ_रोड:
मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका! तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीवरही नीट चालते. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फुकट, परवान्याची भानगड नाही, विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस तिथं चालत नाहीत. मराठी युनिकोड टायपिंग (जे खास फॉन्टशिवाय कुठंही वाचता येतं) आत आहेच, इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडायचा की झालं. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात लावायची गरज नाही.

रंकाळा_पहाटे:
आणि श्रीलिपी? बाबांनी सगळी इतिवृत्तं त्यात टाइप केलीत. लिनक्सवर ती उघडली तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसेल. सत्तरीच्या माणसाचा हात ज्या कीबोर्डवर बसलाय तो बदलायला लावायचा का? आमच्याकडचा जुना लेझर प्रिंटर तर लिनक्सवर चालता चालेना, शेवटी नाद सोडला.

विद्यापीठ_रोड:
मान्य, प्रिंटर आधी तपासायला हवा. पण श्रीलिपीचा प्रश्न विंडोजवरही सुटत नाही हो. ते फॉन्ट ज्या मशीनवर नाहीत तिथं ती फाइल कुणालाच वाचता येत नाही. तालमीच्या पुढच्या सेक्रेटरीला ती इतिवृत्तं वाचता यायला हवीत की नकोत? ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही राहू दे, जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून आणि पीडीएफ करून ठेवा. हे मला एसएसडीइतकंच गरजेचं वाटतं. शंभर वर्षांच्या तालमी आहेत आपल्याकडं, त्यांची कागदपत्रं एका फॉन्टवर अडकून पडू नयेत.

निवृत्त_बँकवाला:
@विद्यापीठ_रोड, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तालमीचं दप्तर हा सार्वजनिक ठेवा आहे.

मधली वाटही आहे. एसएसडीवर मिंट टाकून बँकेचं आणि इंटरनेटचं काम त्यात. जुनी विंडोज दुसऱ्या डिस्कवर, इंटरनेट तोडून, फक्त श्रीलिपी आणि प्रिंटसाठी. विंडोजला नेटच नसेल तर तिला अपडेट मिळत नाहीत याची धास्तीही बरीच कमी होते.

बावड्याचा_भाऊ:
माझ्या मित्रानं विंडोज ॲक्टिव्हेट करायचं एक सॉफ्टवेअर दिलंय, आणि वेग वाढवायचं क्लीनर पण. टाकू का?

महाद्वार_झेरॉक्स:
भावा, नको. ते ॲक्टिव्हेटर चालवताना 'अँटीव्हायरस बंद करा' म्हणून सांगतं की नाही? जे सॉफ्टवेअर राखणदाराला आधी बाजूला व्हायला सांगतं ते घरात घ्यायचं नाही. बऱ्याचदा त्यासोबत पासवर्ड चोरणारं काहीतरी आत येतं. आणि ते क्लीनर साफ करतं ती रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, ती साफ करून वेग वाढत नाही. स्टार्टअपच्या यादीतून नको ती नावं बंद कर, मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस काढून टाक. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू होतो, घरच्या वापराला तेवढा पुरतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवले की मशीन त्यांच्यातच गुंतून पडतं.

उद्यमनगरी:
यूपीएसची बॅटरी बघितली का कुणी? एप्रिल-मे मध्ये वळीव आला की कडाडतंय काय, लाइट जातीय काय. लिहिता लिहिता वीज गेली की फायली खराब होतात. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत दमते, तेवढीच बदलून मिळते. आणि वीज कडाडताना नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरची केबल पण काढा. लॅनमधून दणका येऊन मदरबोर्ड गेलेले बघितलेत मी.

रंकाळा_पहाटे:
राउटरवरून आठवलं, त्याचा पासवर्ड 'ॲडमिन-ॲडमिन' असेल तर तोही बदला.

मंगळवारपेठी:
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो. आधी बॅकअप घेतला, एक प्रत मामांकडे फुलेवाडीला. क्रिस्टलडिस्कइन्फोत पेंडिंग सेक्टर निघाले, चौकोन पिवळा. म्हणजे डिस्क जाणारच होती. ती दुकानात कुणी बघितलीच नव्हती याचं वाईट वाटतं. ४८० जीबीची एसएसडी घेतली, रॅम ८ केली, आतली धूळ काढली. कूलरची एक पिन खरंच सुटलेली होती, @गोकुळ_शिरगाव_शिफ्ट यांनी सांगितलं नसतं तर तिकडं बघितलंच नसतं.

आता पाऊण मिनिटात डेस्कटॉप समोर येतो. निळा स्क्रीन पुन्हा आलेला नाही. विंडोज १० च ठेवलंय, वाढीव अपडेटची नोंदणी झाली, बाबांना साधं खातं दिलं. इतिवृत्तं युनिकोडमध्ये बदलायचं काम बाबांनी स्वतः अंगावर घेतलंय, जुन्या नोंदी वाचत बसतात आणि त्यात रमतात. मिंट पेनड्राइव्हवरून दाखवलं, बँकेचं पान उघडून बघितलं, त्यांना जमेल असं वाटतंय. ऑक्टोबर २०२६ च्या आत तिकडं जायचं ठरवलंय.

तिसरी_गल्ली_राजारामपुरी:
क्लोन केलंत, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवलीत, की नव्यानं विंडोज टाकलीत? परवाना परत मागितला का?

मंगळवारपेठी:
नव्यानं टाकली. ५०० वरून ४८० वर क्लोन सरळ उतरत नव्हता, आधी पार्टिशन लहान करावं लागतं, आणि डिस्क आजारी असताना तो खेळ नको वाटला. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, तीच होम आवृत्ती टाकल्यावर नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

एकच अडचण राहिलीय. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी घड्याळ मागं जातं आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट:
मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी गेलीय. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र मुदतीत बसत नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि एएचसीआय दोन्ही पुन्हा बघा. बॅटरी काढल्यावर मोड मूळपदावर जाऊ शकतो आणि मग विंडोज सुरूच होत नाही.

बावड्याचा_भाऊ:
आणि ती जुनी डिस्क? भंगारवाला घेईल का?

महाद्वार_झेरॉक्स:
तशीच देऊ नको म्हणावं. त्यावर बँकेची स्टेटमेंट, आधारच्या प्रती, सगळं आहे, आणि फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही फायली परत काढता येतात. धडधाकट डिस्क असती तर पूर्ण पुसून देता आली असती. ही खराब सेक्टरवाली, तिथं पुसणं पोचेलच असं नाही. तबकड्यांच्या आरपार दोन-तीन भोकं पाडायची आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. पण नवीन बॅकअप उघडून, चार फायली वाचून खात्री झाल्यावरच.

उद्यमनगरी:
@मंगळवारपेठी, डिस्क घेऊन या उद्यमनगरात. ड्रिल मशीन आपल्याकडं हाय, काम झाल्यावर मिसळ खाऊ.